वरची खोली

पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
९ नोव्हेंबर २००३

चि. हनुमंत यास,

ठकूताईचा सप्रेम जय भीम. साठीच्या माणसाला चिरंजीव लिहावं की नाही हे शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं नव्हतं, म्हणून सवयीने लिहिते.

मी ठीक आहे. गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना ओरडतात. उसात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे दिवेलागणीनंतर वस्तीवर कुणी बाहेर पडत नाही. शेजारची गोजरबाई तेवढी पडते. ती म्हणते, "मला खाऊन त्येला काय मिळायचं, नुसती हाडं." संध्याकाळी पाच-सहा पोरं इंग्रजीला येतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गावाला मी 'बाई'च आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्यांवर काम करणाऱ्यांची मुलंही येतात. त्यांचे आईबाप आकाशातले आवाज ऐकतात आणि पोरांना साधं 'मे आय कम इन' ऐकू येत नाही.

आता तुझ्या पत्राकडे वळते. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसून घेतला, कारण मला वाटलं माझंच काही चुकतंय.

एलनसारखी बायको गेल्यापासून तुला इंग्लंडातलं घर खायला उठतं, हे मी समजू शकते. थंडीने हाडं दुखतात, हेही. उरलेले दिवस उन्हात काढावेत, यातही गैर काही नाही. पण ऊन शोधायला तू थेट सायप्रसला गेलास, डोंगरातल्या गावात हिवाळ्यापुरतं घर भाड्याने घेतलंस, आवडलं तर तेच विकत घ्यायचं ठरवलंस, आणि मग शेवटच्या परिच्छेदात मला लिहितोस, "ताई, तूही ये. दोघं राहू. तुला तरी तिथे काय आहे?"

हनुमंत, हे वाक्य तू माझ्या वर्गात लिहिलं असतंस तर वही भिरकावून दिली असती.

तुला तिथे काय आहे! म्हणजे मी इतकी वर्षं इथे एस.टी.ची वाट बघत बसले होते, आणि आता तुझी गाडी आली म्हणून वळकटी घेऊन चढायचं. आणि तिथे मी करायचं काय? तुला भाकरी थापून द्यायची? तुझे मोजे शोधायचे? तू लिहितोस की घरमालकीण आंद्रूलाबाई फार प्रेमळ आहे, पण तिला इंग्रजी बेताचंच येतं आणि तुला बोलायला कुणी नाही. म्हणजे तुला बहीण नको आहे, तुला रेडिओ हवा आहे.

लग्न मी केलं नाही ते कुणाच्या स्वयंपाकघरात नेमणूक नको म्हणून. ती नेमणूक एकसष्टाव्या वर्षी, परदेशात, सख्ख्या भावाकडे घेऊ?

ऊनच हवं होतं तर जुन्नर तालुक्यात ते फुकट मिळतं. पण ते तुला सुचणार नाही. मीही सुचवत नाही.

घराला यंदा रंग दिला. वरच्या खोलीत कांदे ठेवलेत. बाकी सर्व ठीक.

तुझी,
ठकूताई


पिंपरी पेंढार
१८ जानेवारी २००४

चि. हनुमंत,

जय भीम. तुझं पत्र काल दुपारी आलं, आणि मी पायरीवर बसून इतकी हसले की गोजरबाई खुरपं टाकून धावत आली. तिला वाटलं, मला झटका आला.

"काय झालं बाई? डाक्टर बरं हायेत ना?"

म्हटलं, "डॉक्टर बरा आहे. वेल मेला."

मग तिला सगळं सांगावं लागलं. आंद्रूलाबाईच्या अंगणात मांडव आहे, त्यावर तिच्या सासऱ्याने लावलेला द्राक्षाचा वेल आहे. ऑक्टोबर उजाडला, तरी कुणी कात्री लावेना. आमच्या डॉक्टरांना झोप येईना. शेवटी बाई लेकीकडे गेली असताना यांनी शिडी लावली आणि अख्खा वेल छाटला. एकेका काडीवर फुटव्याचे डोळे मोजून, बा छाटायचे तसा.

गोजरबाई म्हणाली, "मंग बरोबरच केलं की. ऑक्टोबरात गोडी छाटणी न्हाई करायची तर कधी करायची?"

बघ. जी चूक तू केलीस तीच गोजरबाईने केली असती, आणि खरं सांगायचं तर मीही केली असती. आपल्याकडे वेलाला वर्षातून दोनदा कात्री लागते, एप्रिलात नव्या काडीसाठी खरड आणि ऑक्टोबरात फळासाठी गोडी. त्यात काही शंका असते हेच आपल्याला ठाऊक नाही. तिकडचा वेल पानं गाळून थंडीभर झोपतो, आणि त्याला एकदाच छाटतात, थंडी सरताना. तू त्याला ऐन झोपेच्या वेळी उठवलंस. तो बिचारा फुटला, आणि वरून गारठा पडला. कोवळी फूट जळून काळी झाली. आंद्रूलाबाई मांडवाखाली उभी राहून रडली आणि तुझ्याशी आठ दिवस बोलली नाही, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मी असते तर महिनाभर बोलले नसते.

छत्तीस वर्षं इंग्लंडात काढलीस. माणसांची हृदयं तपासलीस. बोलताना मराठीत अडखळतोस. आणि हात मात्र ऑक्टोबर लागला की शिडी शोधतात.

इथपर्यंत लिहून चहा केला. आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

बा गेले तेव्हा तू आला होतास. जलदानाच्या दिवशी गेणभाऊ आले. तीस वर्षं बांनी त्यांची भोकरी द्राक्षांची बाग छाटली होती. दारात उभे राहून त्यांनी बांची कात्री तुझ्यापुढे धरली. म्हणाले, "डॉक्टर, ही बापाची. बागेवर राहिली व्हती. आता आमच्या बागेकडं कोण बघायचं? चार वेली तरी छाटून द्या. तुमचा हात बी त्येच्यावाणीच आसंल."

तू कात्री घेतलीस, जमिनीवर ठेवलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलास. त्यानंतर या गावात तुझं पाऊल नाही.

मी गेणभाऊंची वकिली करत नाही. त्या माणसाने बांना जन्मभर चहा वेगळ्या कपात दिला आणि तो कप गोठ्याच्या भिंतीवर पालथा घातलेला असायचा. परदेशातून आलेल्या डॉक्टरच्या हातात बापाचं मजुरीचं हत्यार देणं म्हणजे काय, हे त्यांना कळलं नसेल असंही मी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तू खाली बघत होतास, तुला दिसलं नाही. मला दिसलं. तो अपमान होता की दुःख, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी इथे राहून रोज त्यांच्या घरावरून शाळेत गेले, त्यांच्या मुलाला, भगवंताला, इंग्रजी शिकवलं, तो दोनदा नापास झाला तेव्हा दोनदा रागावले. हळूहळू, ठरवायची गरज उरली नाही. तू निघून गेलास, म्हणून तुझ्यासाठी ते सगळं त्या दारातच थांबलं.

भगवंत आता पन्नाशीकडे झुकला. परवा बाजारात भेटला. "बाई, डॉक्टर येणार व्हते ना औंदा? लई दिस ऐकतोय." मी म्हटलं, "मोठी माणसं आहेत, सवड नाही." तो म्हणाला, "आमच्या बानं एकदा काय येडंगबाळं केलं व्हतं म्हणत्यात, त्याचं तर न्हाई ना मनात?" म्हणजे त्यांच्याही घरात ते बोललं गेलंय, हनुमंत. मी म्हटलं, "भाजी घे आणि घरी जा."

आता कांद्यांचं. वरच्या खोलीत कांदे नाहीत. कधीच नव्हते. ती खोली मी निवृत्तीच्या पैशातून तुझ्यासाठी बांधली. दक्षिणेला खिडकी आहे, थंडीत दिवसभर ऊन येतं. कमोड बसवला आहे. तो नारायणगावहून टेम्पोत आला तेव्हा अर्धी वस्ती बघायला जमली होती. गोजरबाईने विचारलं, "बाई, खुर्ची हाय का?" मी म्हटलं, "हो, पाहुण्यांची."

एलन असताना तुम्ही दोघं याल, निदान एक थंडी राहाल, असं वाटत होतं. मी विचारलं कधीच नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग खोली बांधता आली नसती.

ते आता विचारते. सायप्रसचं घर घेऊ नकोस. इथे ये.

तुझी,
ठकूताई


पिंपरी पेंढार
१४ मार्च २००४

प्रिय हनुमंत,

जय भीम. या वेळी चिरंजीव लिहिलं नाही. तुझं पत्र मोठ्या माणसाचं होतं.

तू घर घेतलंस. आंद्रूलाबाईने वेलासकट दिलं, कारण खोडापासून नवा फुटवा आला आणि तिचा राग गेला. आनंद आहे. आणि तू नाही म्हणालास, तेही साध्या शब्दांत, उगीच प्रकृतीची सबब न देता. लिहिलंस, "ताई, इथे मी कुणाचा मुलगा आहे हे कुणालाच माहीत नाही. दुकानात जातो, पाव घेतो, लोक हात हलवतात. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हलकं वाटतं. इंग्लंडातही वाटलं नव्हतं, तिथे मी काळा डॉक्टर होतो. गावात आलो तर पुन्हा त्या दारात उभा राहीन."

मला फार राग आला. उत्तर लिहिलं, तीन पानी. त्यात बांचा अपमान कुणी केला, गेणभाऊंनी की बापाचं नाव नको असलेल्या तू, असं एक वाक्य होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. पत्र टाकायला म्हणून चप्पल घातली, तर दारात एक मुलगी उभी.

प्रज्ञा नाव. नागपूरकडची. खोडदला तबकड्यांच्या कामावर नवी लागली आहे, यंत्रं दुरुस्त करते. पोरांपैकी कुणीतरी माझं नाव सांगितलं. म्हणाली, "मॅडम, दोन ठिकाणी खोली बघितली. आधी दाखवतात. मग आडनाव विचारतात. मग त्यांना आठवतं, की भाचा राहायला येणार आहे."

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"काय करणार? दोघांच्याही भाच्यांना शुभेच्छा दिल्या."

मला ती आवडली. तिला आत बोलावलं, चहा दिला, मग वर नेलं. ती सरळ खिडकीशी गेली. म्हणाली, "इथून आमच्या दोन तबकड्या दिसतात." मला इतक्या दिवसांत ते कळलं नव्हतं. मी त्या खिडकीतून फक्त रस्ता बघायची.

एक तारखेला ती राहायला आली. कमोडबद्दल तक्रार नाही, नळाबद्दल आहे. भगवंताच्या मुलाने येऊन नळ बसवून दिला. भगवंत स्वतः खाली बसला होता. चहा घेताना म्हणाला, "म्हंजे डॉक्टर आता येत न्हाईत." विचारलं नाही, नुसतं म्हणाला. मी म्हटलं, "नाही येत." त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं केलं बाई, खोली दिली ती. बंद खोलीला वाळवी लागती."

तेव्हा खोली गेली. तुला चिडवायला लिहीत नाही. तुला मोकळं करायला लिहिते. तीन पानी पत्र चुलीत घातलं. तुझ्या पत्रातलं सगळं मला पटलं असं नाही. पण ते खरं आहे, एवढं कळलं. त्या मुलीला दोन दारांतून परत पाठवलं हेही खरं आहे. तुला जिथे हलकं वाटतं तिथे तू राहा. मी इथे आहे. कुणीतरी खोली मागायला येतं.

मी तिकडे राहायला येणार नाही, हे पहिल्या पत्रातच लिहिलं होतं. तेव्हा रागाने लिहिलं होतं, आता तसंच लिहिते, राग सोडून. मे महिन्यात शाळेच्या पोरांना सुट्टी असते, तेव्हा महिनाभर येईन. पासपोर्ट दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवला आहे, कशासाठी ते विचारू नकोस. भाकरी थापणार नाही. चहा तू करायचास. आंद्रूलाबाईला मी इंग्रजी शिकवीन, म्हणजे तुझी बोलायची सोय होईल.

आता एक शेवटचं, आणि ते समोरासमोर बोलायला मला जमणार नाही.

आपल्या दोघांत आधी कोण जाईल, सांगता येत नाही. मी आधी गेले, तर तू येऊ नकोस. मनापासून सांगते. भगवंत आहे, गोजरबाई आहे, शाळेची पोरं आहेत. सगळं नीट होईल, आणि तुला त्या दारात उभं राहावं लागणार नाही.

तू आधी गेलास, तर मी येईन. गुडघे असोत नसोत. त्या गावातले लोक चांगले असतील, तुझ्यामागून चालतीलही. पण तू कोण होतास, हे त्यांना माहीत नसेल. जिवंतपणी तुला ते हलकं वाटतं, वाटू दे. मेल्यावर मी तुला असं निनावी जाऊ देणार नाही. मी त्यांना सांगेन. इंग्रजीत सांगेन, सावकाश, आंद्रूलाबाईला कळेल असं.

स्वतःला जप. मांडवाला हात लावू नकोस.

रखमाजीची मुलगी,
ठकू