कराच्या पैशांची माळ

बुलढाणा, माघ वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप शेषरावदादांच्या पायांशी पंजाबरावाचा दंडवत. धामणगावास सर्व मंडळी खुशाल असावीत. वहिनींची कंबर बरी असेल, म्हैस व्याली का तेही कळवावे. (माझ्या प्रकृतीचं विचारू नका. परवापासून घास उतरत नाही.)

दादा, मी पार हबकून गेलो आहे! कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून चौदा वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. ना पगार, ना पेन्शन. पक्षकार आला तर भाकर. अशा माणसावरही गावची म्युनिसिपल कमिटी हैसियत कर बसवते, म्हणजे ऐपत डोळ्यांनी पाहून अंदाजाने लावलेला कर. गेल्या साली ऐन वेळी खिशात दमडी नव्हती, तेव्हा शिपाई माझी लिहायची पेटीच उचलून घेऊन गेला. कानाला खडा लावला, यंदा पैसे आधीच बाजूला टाकायचे. दर चौथ्या अर्जाची मजुरी डब्यात. पण डबा घरात आणि पाहुणे दारात (त्यात दोनदा तुम्हीही होता, असो), तो काही भरेना. मग सुचलं, सोनं पटकन खर्च होत नाही. थोडं जमलं की सोनाराकडून एक पुतळी आणायची, माळेत ओवायची, आणि कर भरायच्या वेळी मोडायची. ठेवायला सुरक्षित जागा कोणती? तुमच्या बहिणीचा, मंजुळेचा गळा. पैसे कराचे आहेत हे तिला मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, नुसती हसली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माळ घालून गेली, ती नेमकी कमिटीचे मेंबर महादेवराव यांच्या घरी. आठ दिवसांत नोटीस आली: ऐपत वाढलेली दिसते, कर दुप्पट! अहो, कर भरायला जमवलेल्या पैशांवरच कर! मग मी माझं हत्यार उपसलं. असा रडका तक्रारअर्ज लिहिला की लिहिताना माझेच डोळे भरून आले: अर्जदार अत्यंत गरीब, पत्नीच्या गळ्यातील माळ पितळेची, वर सोन्याचा मुलामा. हे अर्ज कमिटीत चारचौघांसमोर मोठ्याने वाचतात, एवढंच विसरलो. महादेवरावांनी जेवताना आपल्या कौशल्याबाईंना सांगितलं, त्यांनी विहिरीवर, आणि दिवस मावळायच्या आत ते मंजुळेच्या कानी.

तुमची बहीण तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी पाच बाया साक्षीला घेऊन सोनाराकडे गेली, माळ कसोटीला लावली, अस्सल सोनं अशी चिठ्ठी लिहून घेतली आणि नेऊन कौशल्याबाईंच्या हातात ठेवली! आता सोमवारी मला कमिटीपुढे खुलासा द्यायचा आहे, अर्जात खोटं का लिहिलं म्हणून. अर्ज लिहायचा परवाना गेला तर दादा, आम्ही खायचं काय?

बाकी सर्व ठीक.

आपला,
पंजाबराव

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. सोमवारी तुम्ही यावं आणि सांगावं, की माळ माहेरची, तुम्ही दिलेली, त्यामुळे ती कशाची हे जावयाला ठाऊक नव्हतं. (लग्नात तुम्ही माळ कबूल केली होती आणि अजून दिलेली नाही, तेव्हा अगदीच खोटं होणार नाही.)

आणखी ता. क. पक्षकाराला ऐकवायचं म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत लिहायची मला सवय. आत्ता मान वर केली तर मंजुळा दारात! सगळं पत्र ऐकलेलं. मला वाटलं, संपलं आता. तर म्हणाली, "दादाले काऊन तरास देता? मीच सांगीन न, का माळ माह्या माहेरची हाय." आनंदाने माझ्या हातून दौत कलंडली. मग म्हणाली, "पन मंग अकरा वर्सांत तुमी मले काय केलं, थे बी लिवा. मी त साऱ्या गल्लीले सांगून बसली, का यायनं पयला दागिना केला." आणि माळ काढून माझ्यापुढे ठेवली, कराला घेऊन जा म्हणून.

दादा, अर्धा तास झाला. अर्ज लिहिणाऱ्या माणसाला एक ओळ सुचेना. शेवटी माळ परत तिच्या गळ्यात घातली. तेव्हा सोमवारी येऊ नका. खुलाशात लिहितो आहे: माळ सोन्याची, माझ्या बायकोची, मी केलेली. मागच्या खोटेपणाची माफीही मागतो आहे. परवान्याचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही फक्त दुप्पट करापुरते पैसे उसने पाठवा, आणि डब्यात टाकायला म्हणून नका पाठवू, ते पाहुणेच खातात; सरळ माझ्या हाती पडतील असे पाठवा.