पेनल्टी कॉर्नरला उठू नकोस

आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं. गुडघ्याला बर्फ लावून बसलेय, म्हणून निवांत लिहितेय. आमची गोलकीपर विचारते, "आजीबाई, उद्या स्टिक देऊ की काठी?"

बाबा पथ्य पाळतात ना?

पेनल्टी कॉर्नरला समोरचीचा फटका अडवायला गोलमधून सुटून थेट चेंडूवर धावून जायचं काम माझं. नेमकी तेव्हाच तू टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात जातेस, असं धाकटी सांगते. म्हणजे इतक्या वर्षांत तू मला तसं धावताना पाहिलंच नाहीस.

महिनाअखेरचा सामना माझा शेवटचा. कोचना सांगून टाकलंय. फोनवर तुला सांगायला जमलं नसतं. दमलेय गं.

त्या दिवशी गॅस आधीच बंद कर आणि बसून राहा.

तुझी थोरली