दारात उभे राहण्याची अट

मी, सरजाबाई भीमा सोनकांबळे, धर्म बौद्ध, धंदा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे, मूळ गाव मुरुडजवळ, हल्ली राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाच्या धाकाने नाही, कुणाच्या गोडीगुलाबीने नाही, आणि नशापाणी करून तर नाहीच. माझे मन ठिकाणावर आहे. कान नाहीत. वकीलसाहेबांनी जो नमुना दिला त्यात 'शरीराने व मनाने धडधाकट' असे होते. मी त्यातले 'शरीराने' खोडले तर ते हातवारे करू लागले, खोडू नका म्हणून, नाहीतर सगळेच मृत्युपत्र संशयात येईल. का येईल? विचार करायला कान लागतात काय? डॉक्टरांनी पाटीवर लिहून दिले आहे की माझी मूत्रपिंडे थकली. किती दिवस ते त्यांनी लिहिले नाही आणि मीही विचारले नाही.

कलम १. माझी ओळख. मी तिसरीत असताना डोक्यात ताप गेला. उतरला तेव्हा सगळे नुसतेच तोंड हलवत होते. वाचता येत होते, म्हणून मी वाचले. पुढे ओठही वाचायला शिकले. वडिलांनी पुढे सातवीपर्यंत शाळेत बसवले. फळ्यावर आले तेवढे माझे, बाकीचे दुसऱ्यांचे. मी बोलते, पण आवाज कसा निघतो ते मला ठाऊक नाही. लोकांच्या चेहऱ्यावरून वाटते की काही खास निघत नसावा.

कलम २. लाल फडके. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले. अख्खे गाव गेले, मीही घमेले घेऊन गेले. मुकादम माझ्याशी बोलला नाही, माझा धाकटा भाऊ साहेबराव शेजारी उभा होता त्याच्याशी बोलला. माझ्याबद्दल बोलायचे असले की लोक नेहमी माझ्या शेजारच्याशीच बोलतात. "सुरुंगाची शिट्टी हिला ऐकू येनार न्हाई. मेली तर माझ्या गळ्यात. घरी ने हिला." मी म्हणाले, शिट्टीबरोबर एक लाल फडके हलवा, डोळे शाबूत आहेत माझे. तर म्हणतो, "सरकारनं फडकं दिलेलं न्हाई." घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरीसुद्धा अर्धी अर्धी होती आणि हा फडक्यासाठी सरकारकडे बघत होता! माझ्या ट्रंकेत एक लाल फडके घडी करून ठेवले आहे. ते त्या मुकादमाला द्यावे. तो नसल्यास त्याच्या मुलाला द्यावे. तोही आता मुकादमच आहे.

कलम ३. भांडीकुंडी. शेजारीण साखराबाईला माझी पितळी घागर द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात, आणि साक्षीदार तर तीच हवी. म्हणून घागर परवाच देऊन टाकली. औंदा टँकरही दिवसाआड येतो, तिच्याकडे भरून तरी राहील. बाकीची भांडी तिच्या सुनेने न्यावीत.

कलम ४. स्टिक. खिळे जुळवायची लोखंडी पट्टी, जिला आम्ही छापखान्यात स्टिक म्हणतो, ती माझी स्वतःची आहे, मालकांची नाही. दुष्काळाच्याच साली मी लातूरला आले आणि गंजगोलाईमागच्या गुरुपादप्पांच्या छापखान्यात लागले. गुरुपादप्पांचे तोंड भारी फटकळ, त्यांच्याकडे माणूस टिकत नसे. मी टिकले. ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिला माझ्या शिव्या ऐकू येत नाहीत." चूक आहे. ओठांवरून सगळ्यात आधी ओळखू येतात त्या शिव्याच.

तिथे ट्रेडल, म्हणजे पायाने चालणारे छपाईचे यंत्र, चालवायला शेख जिलानी होता, लोहा गावचा. त्याला हातवाऱ्यांचा कंटाळा. एक दिवस त्याने माझ्या हातातली स्टिक घेतली, खिळे लावले आणि परत दिली. "तू जेवलीस का?" खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात, पण मला ती सरळच दिसतात. मी किती वेळ तशीच बघत राहिले. घरात मला खुणेने बोलावतात, बाजारात 'हिला विचारा' म्हणतात. कुणी सरळ माझ्याकडे तोंड करून 'तू' म्हटल्याला वर्षे लोटली होती. मी 'हो' जुळवले. जेवले नव्हते तरी जुळवले.

तेव्हापासून आम्ही तसेच बोलत असू. बोलून झाले की एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांनी लग्नपत्रिका, पावत्या, तेराव्याची कार्डे. त्यामुळे माझ्याजवळ त्याचा एकही शब्द उरलेला नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळे छापील नमुने उस्मानाबाद काढून लातूर घालून नव्याने जुळवायचे होते. 'लातूर'मधल्या 'तू'चे खिळे पुरेनात. नवे खिळे यायचे होते आणि गुरुपादप्पा डोक्यावर उभे. जिलानीने शेवटचे दोन 'तू' मुठीत दडवले होते. ते लावून स्टिक माझ्यापुढे धरली, त्याच्या घरच्या बोलीत: "लातूर में तू है, देख." मी हसले तेव्हा आवाज मोठा निघाला असावा, कारण सगळा छापखाना वळून बघायला लागला. एवढे सुख मला पुन्हा झाले नाही.

ही स्टिक मी जोहराला देते. जोहरा ही रजिया तांबोळी यांची मुलगी, जन्मापासून ऐकू न येणारी. माझ्याकडे खिळ्यांवरच वाचायला शिकली आणि आता माझ्या चुका काढते.

कलम ५. मनातली अढी. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या. त्यातल्या एका कचेरीत नक्कलनवीसाची जागा अपंगांसाठी राखून ठेवली होती. जाहिरात आमच्याच छापखान्यात आली, ती मीच जुळवली आणि मीच अर्ज केला. माझे अक्षर कुणीही बघावे. त्याच सुमारास जिलानीला नांदेडच्या एका छापखान्याचे बोलावणे होते. तो म्हणाला, तुझे काम झाले तर मी कुठे जात नाही.

मुलाखतीला साहेबराव सोबत आला. त्याने ऐकायचे, मी आत जायचे, असे ठरले होते. व्हरांड्यातल्या बाकांवर आम्ही बरेच होतो, आंधळे, पांगळे आणि माझ्यासारख्या दोघी. शिपाई दारात यायचा, नाव पुकारायचा, आत जायचा. त्याच्या मिशीत ओठ दिसत नव्हते. मी नजर हलवली नाही. साहेबराव शेजारून कधी उठला ते मला कळलेच नाही. दुपार झाली, बाक रिकामे झाले, झाडणारी बाई आली आणि माझ्या पायांखालून झाडून गेली. शिपायाने दाराला कुलूप लावले. मग साहेबराव आला आणि म्हणाला, "आक्का, न्हाई घेतलं तुला."

मी खरे धरले. पण का घेतले नाही ते कळावे म्हणून अर्ज केला, त्याचे उत्तर आले: 'उमेदवार मुलाखतीस गैरहजर.'

अरे, बहिऱ्यांना जागा राखता आणि बोलावता ओरडून! एक फळा टांगायचा होता, त्यावर खडूने नाव लिहायचे होते. तेव्हापासून मी त्या कचेरीला लिहीत आले आहे. जागा नको, माझ्या नावापुढचे 'गैरहजर' खोडा, आणि दारात फळा लावा. उपकार म्हणून नाही. नोकरी हा हक्क आहे म्हणता, तर त्या हक्काला बोलावण्याची रीतही आम्हाला कळेल अशी असावी. उत्तर येते, विचार चालू आहे. कचेरीचे नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिले तर बाकीच्या कचेऱ्या म्हणतील, आमचे काही नाही.

कलम ६. शेख जिलानी यास. ती नोकरी हुकल्यावर त्याने मला विचारले होते, "येतेस का नांदेडला?" नांदेडला माझ्या हाताला स्वतःचे काम नव्हते. 'बहिरी पोसतोय' असे त्याला कुणी म्हटले असते तर मला ते सोसले नसते. मी 'नाही' जुळवले. ते खिळे खणात त्यानेच परत टाकले, सावकाश, एकेक. आता तो नांदेडमध्ये कुठे आहे, त्याचा संसार आहे की नाही, मला माहीत नाही. त्याला देण्यासारखी वस्तू माझ्याकडे नाही. पण तो भेटल्यास त्याला सांगावे की मला यायचे होते. रोज यायचे होते. ट्रेडल थांबले की फरशी हलायची थांबते, तेवढ्यावरून तो उठला हे मला कळायचे. त्याच्या जागी दुसरा माणूस आला, तरी फरशी थांबली की मी अजून मान वर करते.

कलम ७. घर. लातुरात माझ्या नावावर पत्र्याची एक खोली व तिच्यापुढची जागा आहे. ती माझ्या पगारातून घेतलेली आहे. ती मी माझा भाऊ साहेबराव भीमा सोनकांबळे यास देते, पण एका अटीवर.

साहेबराव त्या दिवशी कुठे गेला होता? तो म्हणतो, पाणी प्यायला. जिलानीबद्दल त्याच्या कानावर आले होते, हेही मला ठाऊक आहे. मुद्दाम की चुकून, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तो तोंड फिरवून बोलला असता आणि मला काही कळले नसते. भाऊ आहे. आई गेल्यावर माझ्या ताटात आधी वाढणारा तोच होता. म्हणून राग धरवत नाही आणि सोडवतही नाही.

अट अशी. येत्या गुरुवारी जोहराची मुलाखत आहे, राखीव जागेचीच. बोलावणे आले, फळा अजून आलेला नाही. तिची आई रजिया म्हणते, मी जाते सोबत. जाऊ दे. पण दारात साहेबरावानेच उभे राहायचे. जोहराचे नाव पुकारले की तिच्या खांद्याला हात लावायचा आणि ती आत गेली हे बघायचे. निकाल काय लागतो याची जबाबदारी त्याच्यावर नाही. पुढेही जिल्ह्यात अशी मुलाखत असेल आणि कुणी न ऐकणारा उमेदवार येऊन सांगेल, तेव्हा त्याने जायचे. दारात फळा लागला की अट सुटली. गुरुवारी तो उभा राहिला नाही तर घर जोहराचे.

काल त्याला हा मसुदा वाचायला दिला. वाचून त्याने कागदाची घडी घातली. मग माझ्यासमोर येऊन, तोंड उजेडाकडे धरून, एकेक अक्षर सुटे करून म्हणाला, "आक्का, म्या दारातनं हालनार न्हाई."

कलम ८. अंत्यविधी. त्रिशरण-पंचशील म्हणावे, हळू म्हटले तरी चालेल. लाऊडस्पीकर लावू नये. हे सगळे पार पाडण्याचे काम गुरुपादप्पांकडे देते. ते शिव्या देत का होईना, करतात.

हे मृत्युपत्र मला कुणी वाचून दाखवले नाही व मी ते ऐकले नाही. मी ते स्वतः वाचले, ते मला समजले, आणि सही करताना मी दोन्ही साक्षीदारांसमोर हजर आहे.

एक राहिले. गुरुवारपर्यंत जीव राहिला तर मीही जाणार आहे. व्हरांड्यातल्या बाकावर जोहराशेजारी बसेन. मला कुणी पुकारणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी साहेबरावा, जोहरा आत गेली की एकदा माझ्याही खांद्याला हात लाव.

सही: सरजाबाई भीमा सोनकांबळे

साक्षीदार:
१. मडिवाळप्पा, बाइंडर, लातूर (सही)
२. साखराबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: लातूर
दिनांक: ९ मे १९८७