डाळ शिजेल ते पाणी

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी आता तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. तिला बजावलंय, माझं बोलणं नीट करायला जाऊ नकोस. तरी ती करतेच, शिकलेली आहे ना.

काल अंगणात नातवाची गाडी उघडून ठेवली होती. इंजिन गार ठेवायचं ते कूलंट बदलायला आष्ट्याहून मिस्त्री आला होता. त्यानं खालून पाणी सोडलं तर घमेल्यात गंजाच्या रंगाचं पडलं. "ह्यात बोअरचं पाणी कुणी वतलं?" नातू म्हणाला, "मीच. कमी झालं होतं, घातलं. पाणी ते पाणीच की." मी खाटेवर शेंगा फोडत बसले होते. मला कुठलं गप्प बसवतंय? म्हटलं, "ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजती तेच गाडीला घालायचं. आमचं आबा पलटणीत डायव्हर हुतं, त्यांचा कायदा हाय ह्यो." मिस्त्री म्हणाला, "बरोबर सांगत हुतं की आजी. आता त्याच्याबी म्होरचं निघालंय," आणि त्यानं सीलबंद कॅन दाखवला. डिस्टिल्ड वॉटर. पाण्यातला सगळा क्षार काढलेलं. मी विचारलं, "सगळं काढल्यावर ऱ्हायलं काय रं त्यात?" "पाणी, आजी." "आन् सूनबाईच्या फिल्टरचं?" "ते तुमी प्या. गाडीला ह्येच, कूलंटमधी मिसळून." मग त्यानं एक नळी काढून माझ्या हातात दिली. आत पांढरा थर, आपल्या चहाच्या पातेल्याला बसतो तसा. नखानं खरवडला तरी निघेना. मी विचारलं, "वरीसभर असलंच पाणी घातलं तर रं?" तो म्हणाला, "नळ्या बुजत्यात. रोज जवळपास जाईल, कळायचं न्हाई. एक दिस लांबची, घाईची खेप आली की उकळणार." आणि तो आपल्या कामाला लागला. माझं शेंगा फोडणं तिथंच थांबलं.

मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही लष्कराच्या लिलावातली जीप आणलीय, आणि आई पदराआडून म्हणतेय, "माझ्या तोंडावरनं कवा असा हात फिरवला न्हाई, तसा जीपवरनं फिरवत्यात." तुम्ही चुलीवर दोन भांडी ठेवायला लावलीत, एकात नदीचं पाणी, एकात मळ्यातल्या विहिरीचं मचूळ. दोन्हींत मूठमूठ डाळ. नदीच्या पाण्यातली विरघळून गेली, विहिरीतली टणक राहिली. दाणा माझ्या बोटांत चेपायला लावलात आणि विचारलंत, "सांग, जीपला कंचं?" मी म्हणाले, "नदीचं." "शानी हायस." दुसऱ्या दिवशी सांगलीहून नवी तांब्याची कळशी आणलीत, फक्त जीपची. त्यातलं पाणी घरात कुणी प्यायचं नाही. रोज सकाळी ती भरून आणायचं काम माझं. महिनाभर मी नदीवर गेले. त्यानंतर वर्षभर मी ती मळ्यातल्या विहिरीवर भरली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. आई अडली. सुईणीनं हात टेकले. भर दुपारी आपण निघालो, मागं आईचं डोकं माझ्या मांडीवर. आष्टा सोडलं आणि जीपच्या तोंडातून वाफ आली. तुम्ही फडकं धरून टोपण उघडलंत, उकळतं पाणी हातावर उसळलं, कातडी निघाली. आई कण्हत होती. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. तुम्ही भाजलेला हात धरून माझ्याकडं वळलात. "पोरी, पाणी नदीचंच न्हवं?"

"व्हय, आबा."

तुम्ही मान हलवलीत. "मग मीच लय दामटली." सांगलीत पोचेपर्यंत आई गेली होती, पोटातलं बाळही. जीप विकलीत आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत. माझ्या लग्नाला वऱ्हाड ट्रकनं निघालं, तुम्ही एकटे बैलगाडीनं मागून आलात. समाचाराला आलेल्याला, पारावर बसलेल्याला, शेवटी तापात भिंतीलासुद्धा तेच सांगत राहिलात, "मीच दामटली."

मी खोटं बोलले हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पाण्यानं गाडी अशी उकळते, हे ठाऊक नव्हतं. ते काल कळलं, तेही परक्या मिस्त्रीकडून. तुम्ही जन्मभर जे स्वतःच्या माथी घेतलंत ते माझं होतं. सूनबाई लिहिता लिहिता थांबून म्हणते, "जुनी जीप होती आत्या, नळ्या आधीच बुजल्या असतील." गुणाची आहे. माझं मन राखायला खोटं बोलायला शिकलीय.

आता ती विचारतेय, या कागदाचं काय करू? म्हटलं, तुझ्या ट्रंकेत ठेव, पोरांना दाखवू नकोस. पण मिटायच्या आधी एवढं लिही.

नदी लांब नव्हती, आबा. नदीच्या वाटेवर शाळा होती. खिडकीतून माझ्याच वयाच्या पोरी माझ्याकडं बघून हसायच्या. मळ्याच्या वाटेवर कुणी नसायचं.