फक्त ऐकणारा रेडिओ

२ डिसेंबर

रेवा म्हणाली, संक्रांत झाली की निघणार. विशाखापट्टणहून चेन्नई, शिडाच्या होडीतून. ती आणि तिची मैत्रीण माधवी, दोघीच. होडी जुनी, दोघींनी मिळून घेतलेली. दोन वर्षं तिथल्या बंदरात पडून आहे. मला वाटलं होतं नुसती घेऊन ठेवलीय, लोक घरात व्यायामाची सायकल ठेवतात तशी.

मी म्हणालो, बरं. शैला गेल्याला सात महिने झाले. तेव्हापासून मी सगळ्यांना बरं म्हणतो, दूधवाल्यालासुद्धा.

१३.०० जेवलो. वरणात मीठ नाही, रेवा म्हणाली. मला कळलं नव्हतं.

५ डिसेंबर

ऑफिसला निघता निघता रेवा: "बाबा, होडीचा रेडिओ तुम्ही बघता का? तुमच्याच लाइनचं आहे."

माझ्या लाइनचं अजिबात नाही. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. सिकंदराबादच्या कंट्रोल ऑफिसात एकतीस वर्षं, समोर तक्ता, कानाला फोन. आलेरचा स्टेशन मास्तर सांगणार, गाडी इतक्याला गेली. मी तक्त्यावर रेघ पुढे ओढणार. पुढच्या स्टेशनचा फोन येईपर्यंत गाडी 'सेक्शनमध्ये'. गाड्या डोळ्यांनी फारशा पाहिल्याच नाहीत, रेघाच पाहिल्या. पण बाप दिवसभर खुर्चीत बसून भिंत बघतो हे तिला बघवत नसणार. घेतलं काम.

वाचायला बसलो. मोठी जहाजं आपलं नाव, जागा, वेग, दिशा रेडिओवरून सारखी पाठवत असतात. त्याला एआयएस म्हणतात. त्यावरून नकाशावर ठिपके दिसतात, घरबसल्या फोनवरसुद्धा. आणि हे एआयएस आता रेडिओच्या आतच बसवलेलं मिळतं.

म्हणजे तक्ताच की. पुष्कळ दिवसांनी सलग दोन तास बसलो.

९ डिसेंबर

कोठीला गेलो, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. म्हटलं, वस्तू हातात घेऊन बघावी. दुकानदारानं समोरचं गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघितलं. "समंदर कां है साब इधर? टँकबंडपे लगाना क्या?" गल्लीतल्या चार जणांना हाक मारून सांगितलं त्यानं. चहा मात्र पाजला.

त्याचं तरी काय चुकलं. रेवा आठ वर्षांची असताना मीच तिला टँकबंडच्या त्याच हुसैनसागर तलावावर शीड शिकायला घातलं होतं, पोहणं तरी येईल म्हणून. पहिल्या दिवशी शैला काठावर टॉवेल घेऊन उभी होती. मी ड्युटीवर होतो.

येताना सुलतान बाजारातून आलेखाचा कागद आणला, मोठा.

१२ डिसेंबर

तीन सेट निवडले. तिन्हींत एआयएस आहे, तिन्हींत झाकणाखाली लाल बटण आहे. ते दाबलं की आपली जागा आपोआप जवळच्या जहाजांना आणि किनाऱ्याला जाते. एकाचा पडदा मोठा. एक पाण्यात पडला तर तरंगतो म्हणे, पण भिंतीला स्क्रूनं बसवलेला रेडिओ पाण्यात पडला तर होडीचं काय झालेलं असेल, ते पत्रकात लिहिलेलं नाही.

आलेखाच्या कागदावर डावीकडे वरून खाली विशाखापट्टण, काकिनाडा, मच्छलीपट्टण, चेन्नई लिहिलं. आडवे तास. ठिपका दिसेल तशी रेघ ओढायची. पाच-सहा दिवसांचा प्रवास, एका कागदात बसतो.

रेवा आली, कागद बघितला. कपाट उघडलं, काही न काढता बंद केलं.

"ठीक आहे ना?" मी.
"हौ. मोठ्या पडद्याचा घ्या."

१६ डिसेंबर

कोचीला होड्यांचं सामान विकणारा दुकानदार आहे, त्याला चौथ्यांदा फोन. बोलायच्या माइकची वायर केवढी, अँटेनाची केबल सोबत येते का, खाऱ्या हवेनं गंजतो का, सगळं विचारलं. एआयएस आहे ना? "है सर, अंदरच है." थकला बिचारा. शेवटी सांगितलं, पाठव.

खरं लिहायचं तर मीच लांबवत होतो. रेडिओ ठरत नाही तोवर होडी निघत नाही. शिवाय सकाळी उठायला काही कारण होतं. आता परत दुपार येईल आणि तिचं काही करता येणार नाही.

२१ डिसेंबर

खोकं आलं. जेवायच्या टेबलावर जुनी बॅटरी जोडून सेट चालू केला. पडदा उजळला. जहाज एकही नाही. आमच्या सीताफळमंडीत दिसलं असतं तर तक्रार करावी लागली असती.

होडीचा नऊ आकडी नंबर त्यात घालायचा होता. एकदाच घालता येतो, चुकला तर सेट दुकानात परत. रेवानं एकेक आकडा वाचला, मी मोठ्यानं परत म्हटला, तिनं बरोबर म्हटल्यावर दाबला. स्टेशन मास्तरांशी आम्ही असंच करायचो. सातव्या आकड्याला रेवाला हसू फुटलं. मेपासून पहिल्यांदा. होडीचं नाव गोरिंका. तेलुगूत साळुंकी. माधवीनं ठेवलंय.

ही वही टेबलावर उघडीच होती. रेवाला मराठी अक्षर, त्यातून माझं, वाचता येत नाही. जामबागच्या मराठी शाळेत घालायचं शैलाच्या मनात होतं. मी म्हणालो, इंग्रजी.

२७ डिसेंबर, विशाखापट्टण

सकाळी होडीवर. माधवी डोलकाठीच्या टोकापर्यंत चढली आणि अँटेना बसवली. मी खाली केबल धरून, मान वर. वायरिंग मी केलं. १०.५० ला चालू केला.

तेवीस जहाजं! नावं, वेग, कुणीकडे चाललीत, सगळं. कोळशाचं एक, तेलाचं एक. तिथंच पायरीवर बसलो. रेवा आणि माधवी एकमेकींकडे बघून हसल्या.

मग खिशातून फोन काढला, नकाशावर गोरिंका शोधायला. नाही. थांबलो. सेट बंद करून चालू केला. जोडण्या उपसून परत बसवल्या. चाळीस मिनिटं. शेवटी माधवीला राहवलं नाही. "अंकल, ये सेट सुनताच है. भेजता नहीं."

म्हणजे दुसऱ्यांचे ठिपके आम्हाला दिसणार. आमचा कुणालाच दिसणार नाही. सगळ्या शंका विचारल्या, ही एक सोडून. कशी विचारणार? आमच्याकडे ज्याच्या कानाला फोन, त्याच्या तोंडालाही फोन. नुसतं ऐकणारा माणूस लाइनवर नसतोच.

रेवा दोर गुंडाळत होती, पाठ माझ्याकडे.
"तुला माहीत होतं?"
"हो."
"कधीपासून?"
"कागद बघितला तेव्हापासून."

२८ डिसेंबर

परतीची गाडी दुपारी. रेवा आज होडीवर कामाला थांबणार होती, मला सोडायला तेवढी स्टेशनवर आली. बाकावर बसलो. मी विचारलं, का नाही सांगितलंस. तिनं सांगितलं. आठवतं तसं लिहितो.

"आईचे शेवटचे अकरा दिवस तुम्ही तक्ता भरत होता. ऑक्सिजन, नाडी, ताप. दर अर्ध्या तासाला. आलेखाच्या कागदावर, रंगीत पेनांनी. डॉक्टर पण म्हणाले वा. बाबा, आई हात पुढे करत होती. तुम्ही त्या हाताच्या बोटाला चिमटा लावत होता आणि आकडा लिहायला वळत होता."

मी तिकिटावरचा डब्याचा नंबर परत वाचला.

"मला तुमच्या कागदावरची रेघ नाही व्हायचं."

गाडी लागली. तिनं पाण्याची बाटली दिली. मी म्हणालो, बरं.

३० डिसेंबर

तो कागद कपाटात होता. काढला. वर माझ्याच अक्षरात शैलाचं नाव. ऑक्सिजन निळ्या शाईत, नाडी लाल. शेवटची नोंद १६.१०. पुढे कोरा.

हात पुढे केलेला मला आठवत नाही. आकडे सगळे आठवतात. रेवा खोटं बोलत नाही.

मी घाबरलो होतो. इतका, की तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून बोटाकडे बघत होतो. हे शैलाला सांगायला हवं होतं. इथं लिहून काय उपयोग?

१ जानेवारी

रेवा परत आली. मी विषय काढला नाही, तिनंही नाही. फोन आले, हॅपी न्यू इयर. बरं म्हणालो.

३ जानेवारी

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझं सोडा. पण ती तेवीस जहाजं? कोळशाच्या जहाजावरच्या माणसाला पाण्यात एवढीशी होडी कुठून दिसणार? रडारवर लाटेत हरवते म्हणतात. रेवाला ते दिसेल, ती बाजूला होईल. पण वारा पडला तर? दोघींपैकी एक झोपलेली आणि दुसरीचा डोळा लागला तर? जहाजांना होडी दिसायलाच हवी. कोचीला फोन केला. वेगळा डबा मिळतो, पाठवणारा. आणि त्याला एक बटण जोडता येतं. दाबलं की पाठवणं बंद, ऐकणं चालू.

रेवाला सांगितलं. म्हणालो, "माझ्यासाठी नाही. जहाजांसाठी. बटण तुझ्या हाताशी बसवतो. कधी दिसायचं ते तुझं तू ठरव. फोनमधला नकाशा मी काढून टाकतो."

"बघते," म्हणाली.

५ जानेवारी

सकाळी दारात, चप्पल घालताना: "मागवा. नकाशा नका काढू."

१० जानेवारी, विशाखापट्टण

डबा बसवला. त्याची अँटेना वेगळी, मागच्या कठड्यावर. बटण सुकाणूजवळ, डाव्या हाताला. रेवा डावखुरी आहे, शैलासारखी. बटणाला चिठ्ठी काय लावायची विचारलं. चिठ्ठी नको म्हणाली.

फोनवर गोरिंका दिसली, बंदरात, वेग शून्य. मी फोन खिशात ठेवला. रेवानं बघितलं.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्ष झालेलं नाही, त्यामुळे घरात सण नाही. गच्च्यांवर पतंग, पोरांचा आरडाओरडा. समोरच्या तेलुगू काकूंनी अरिसेलू, म्हणजे आपले अनारसेच, आणून दिले, आमचं सुतक-बितक त्यांना मान्य नाही.

रेवा तिळगुळाची पुडी घेऊन आली. "आई असती तर म्हणाली असती, एवढं काय पाळता." हात पुढे केला, तळव्यावर एक वडी.

मी वडी घेतली आणि हात धरला. धरूनच ठेवला. सोडावासा वाटेना. रडलो. तीही. किती वेळ, ते घड्याळात बघितलं नाही. उद्या ती इथून निघेल.

१७ जानेवारी

मी इथंच. तिनं या म्हटलं असतं तर गेलो असतो. म्हटलं नाही.

६.३० ला रेवाचा फोन. वारा चांगला आहे, निघतोय, वाटेत फोनला रेंज नसेल, चेन्नईच्या जवळ आलो की करते. मी म्हणालो, नीट जा. आणि म्हणालो, मला भीती वाटते. ती म्हणाली, "मला पण, बाबा."

६.४८ ठिपका हलला. बंदराच्या तोंडातून बाहेर. मग दक्षिणेला.

१०.३५ ठिपका नाही. दोन कारणं असू शकतात. किनाऱ्यापासून लांब गेली, तिथलं इथं ऐकू येत नाही. किंवा बटण. कोणतं, ते कळायला मार्ग नाही. तसं बसवलंय मीच.

आलेखाचा कागद काढला. वर तारीख घातली. मग घडी करून शैलाच्या कागदाखाली ठेवला.

१३.०० जेवलो. वरणात मीठ नव्हतं. कळलं. उठून घातलं.

आमच्या कंट्रोलमध्ये एक स्टेशन सोडलेली गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोलत नसे. साहेबांनी विचारलं तरी उत्तर एकच असायचं.

१७.२० ठिपका नाही. रेवा सेक्शनमध्ये आहे.