हाडं सुखावली

तेगू, ६ नोव्हेंबर १९८४

ती. पुन्नामताईस,
चोमसूनचा शि. सा. न. वि. वि.

मुळ्याच्या सुकवलेल्या चकत्या पोचल्या. आता खरं कारण. आमच्या लेकीने, मीरानने, मुलगा पसंत केलाय. चांगग्यू नाव, शाळेत भूगोल शिकवतो. दिसायला बरा, पगार बरा, पण तीन वर्षांचा असताना आई गेली, बाप त्याच्या आधीच. आजीने वाढवला, आता तीही नाही. मी साफ नाही म्हटलं. ज्याला असं करू नये म्हणणारे आईबाप घरात नव्हते, त्याला वळण कुठून असणार? तेव्हापासून बाईसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, भांडी मात्र आपटून आपटून घासतात. ह्यांना विचारलं, तर पेपरात तोंड खुपसून म्हणाले की ताईला विचार.

म्हणून शनिवारी दोघांना तुझ्याकडे मुक्कामाला पाठवतेय. तू नाही म्हणालीस तर नाही, हे मीरानलाही कबूल आहे. तू विरघळशील अशी तिला खात्री दिसते. विरघळू नकोस. पोरगा बाहेरच्या खोलीत दाजींपाशी झोपेल आणि मीरान तुझ्याजवळ, हे तुला सांगायला नकोच. जेवताना मोठ्यांच्या आधी चमचा उचलतो का, तेही बघ.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहेच, या खेपेला ती जरा कडक असू दे.

तुझी,
चोमसून


हान्बात, ११ नोव्हेंबर १९८४

चि. चोमसून हीस,
पुन्नामताईचे अनेक आशीर्वाद.

पाहुणे आत्ताच बसमध्ये बसले. अजून हसू आवरत नाहीये, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

नमस्कार नीट केला, कपाळ टेकवून. ह्यांनी चमचा उचलेपर्यंत हात मांडीवर. तेवढं कुणीही पाठ करून येतं, म्हणून मी काही विरघळले नाही. बाहेरच्या खोलीत जमिनीखाली चूल पेटते त्या बाजूची उबदार जागा त्याला दिली. तो नको नको म्हणत होता, ह्यांनी दंडाला धरून बसवला. अंथरुणं पडली तशी मी कागदी दाराआडून विचारलं, जमीन कशी लागतेय. तो म्हणाला, एकदम गार वाटतंय मावशी.

पाहुण्याला थंड जमीन, आणि ते तुझ्या कानावर जाणार. धावत जाऊन जमिनीखालच्या चुलीत पाइनची लाकडं सारली. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तर म्हणाला आता तर फारच गार, हाडं सुखावली. मी हाडं एवढंच ऐकलं. मग सोयाबीन उकडायला राखून ठेवलेले ओकचे ओंडकेही गेले चुलीत. तेवढ्यात हे उठले, रजई काखोटीला मारली आणि ओसरीवर जाऊन झोपले. आपल्या घोरण्याचा पाहुण्याला त्रास नको म्हणून गेले असतील, असं मला वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा शहाणपण सुचलं, म्हणून मी मनात कौतुकही केलं.

सकाळी दार सरकवते तो काय, पोरगा कोपऱ्यात उशीवर उभा. जमिनीवर चिकटवलेला तेलकागद भाकरीसारखा करपलेला, आणि त्याची पाठ लालभडक. मी म्हटलं, अरे बाबा, गार गार म्हणत होतास ना. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, गारच वाटत होतं, तापल्या जमिनीला पाठ टेकली की आजी हेच म्हणायची, कढत रस्सा प्यायली तरी हेच. शेवटी शेवटी जरा जास्तच गार झालं, पण मावशी एवढ्या मायेनं विचारतायत तर पुरे कसं म्हणायचं.

कढत काही लागून जिवाला बरं वाटलं की मी स्वतः दिवसातून दहादा गारच म्हणते, आपली आई म्हणायची, तू म्हणतेस. पण शहरातलं शिकलेलं पोर गार म्हणालं म्हणजे त्याला थंडीच वाजतेय, असं मी धरून चालले. तुझी मीरान फक्त आइस्क्रीमला गार म्हणते, आणि तिला आई, बाप, मावशी सगळं आहे. ही बोली शाळेत मिळत नाही, कुणाच्या तरी कुशीत झोपून येते. त्याच्यावर जीव टाकणारं माणूस त्याला होतं, चोमसून. वळण वळण काय घेऊन बसलीस? माझं उत्तर हो.

ह्यांनी त्याच्या पाठीला स्वतः बटाट्याचा कीस लावला. माझी पाठ धरली तेव्हा हे दुसऱ्या गावाला गेले होते.

आशीर्वाद कमी पडले तर कळव, जास्तीचे पाठवते.

तुझी,
ताई


तेगू, १८ नोव्हेंबर १९८४

ती. पुन्नामताईस,
चोमसूनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तो उशीवर उभा होता, इथपर्यंत आले आणि आम्ही दोघं इतके हसलो की चुलीवरचा भात करपला. मीरान बोलायला लागली आहे, आता थांबतच नाही.

पण हसून झाल्यावर मला फार लाज वाटली, ताई. त्याला आई नाही, याचा दोष मी त्यालाच देत होते. काल त्याच्या शाळेत फोन केला आणि पाठ कशी आहे विचारलं. म्हणाला, बरी आहे काकू. मी म्हटलं काकू पुरे, आता आई म्हण. तो हळूच म्हणाला की कळायला लागल्यापासून हा शब्द कुणाला हाक मारायला वापरलेला नाही, पटकन तोंडात येत नाहीये. सराव करतो आणि उद्या फोन करतो.

आज सकाळी सातपासून फोनपाशी बसलेय. अंघोळ नाही, बाजार नाही, ह्यांना फोनला हात लावू देत नाही. दोनदा वाजला, दोन्ही वेळा मी उचलून बोल रे बाळा म्हटलं. एकदा कोळसेवाला निघाला, एकदा ह्यांचे साहेब.

आता पुन्हा वाजतोय. तुझा लोभ असाच राहो, घाईत आहे.

तुझी,
चोमसून

ता. क. तोच होता. आई म्हणाला. मलाच ओ द्यायला वेळ लागला.