बाबांच्या वाट्याचा प्रश्न

ताईस,

कारखान्यात अकस्मात जादा पाळी लागल्याकारणे आजच्या घरगुती प्रश्नमंजूषेस मी उपस्थित राहू शकत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या डब्यात आहेत.

शब्दफेरीच्या समयी बाबांना खोलीतून बाहेर आणावे. मागे एकदा धाकट्याने "थांबा, मीच सांगतो" म्हणून त्यांचे उत्तर हिरावले, तेव्हापासून ते खेळात बसत नाहीत. आज त्यांच्या पाळीस कोणीही घाई करू नये.

निळी चिठ्ठी केवळ त्यांच्याकरिता आहे: "ताटात वाढणाऱ्याचा हात कोणत्या शब्दाने थांबतो?" उत्तर, 'पुरे'.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तेवढा एकच शब्द त्यांच्या मुखातून स्पष्ट निघतो. औषध पाजताना तो मी नित्य ऐकतो. आज एकदा तरी त्यावर टाळ्या पडाव्यात.

तुझा,
दादा